मागचं डिफलॉक: दिवा लागतो, पण चाक धरत नाही

तापीकाठ (शहादा)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे. पण घडलं ते सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नीट निदान करता येणार नाही, म्हणून लांबच लिहितो.

माझ्याकडे वीस वर्षांहून जुनी फोर-बाय-फोर डिझेल व्हॅन आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मॉडेल केव्हाच बंद झालंय आणि दोष कंपनीचा नाही, इतकी वर्षं देखभाल कमी पडली ती आमची. आम्ही चार-पाच जण मिळून या गाडीतून अक्राणीच्या पाड्यांवर औषधं आणि डॉक्टर नेतो. उन्हाळ्यात अंगणाअंगणात आमचूर वाळत घातलेलं असतं तेव्हा तिथे कोणतीही गाडी जाते. आषाढ लागला की डांबर सोडल्यापासून पुढे फोर-व्हीलशिवाय गती नाही, आणि शेवटचे दोन चढ मागचं डिफरन्शियल लॉक केल्याशिवाय, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकत्र बांधल्याशिवाय (यालाच डिफलॉक म्हणतात), चढत नाहीत.

लॉक व्हॅक्यूमवर, म्हणजे हवा काढून घेतलेल्या नळीच्या ओढीवर चालतं. डॅशबोर्डवरचा नॉब ओढला की नळीतून व्हॅक्यूम मागच्या अ‍ॅक्सलवरच्या डब्यात जातो, डब्याची काडी ओढली जाते, आतलं लॉक बसतं आणि हिरवा दिवा लागतो.

गेल्या आषाढात धडगावच्या पुढे एका चढावर गाडी रुतली. आत तापाने फणफणलेला एक म्हातारा बाबा आणि त्याची सून होती. मी नॉब ओढला, दिवा लागला, हलकेच क्लच सोडला. उजवं चाक भरारा फिरून लाल चिखल उडवायला लागलं. उतरून डावीकडे पाहिलं तर ते चाक ठार स्थिर. त्याच्या नटावर बसलेला चिखलाचा गोळासुद्धा हलला नव्हता. आणि डॅशबोर्डवर हिरवा दिवा तसाच चालू. पाड्यावरची पंधरा-वीस माणसं दोर घेऊन आली म्हणून बाबा वेळेत दवाखान्यात पोचला.

त्यानंतर मी नॉबपासून चेसिसपर्यंतची नळी बदलली. फरक नाही. आणखी एक गोष्ट: इंजिन हळू चालू असताना नॉब ओढला की ब्रेकचं पेडल जरा कडक लागतं. त्याचा याच्याशी संबंध आहे का? यंदाच्या पावसाआधी काम झालंच पाहिजे.

केळीबाग (रावेर)

भाऊ, व्हॅनचं मला कळत नाही, पण डिफलॉक आमच्या रोजच्या कामातलं. केळीच्या बागेत पाणी दिल्यावर काळ्या मातीत ट्रॅक्टरचं एक चाक घसरायला लागलं की टाचेजवळचं पेडल दाबायचं. पाय उचलला की स्प्रिंगने सुटतं. नाही सुटलं तर डावा-उजवा ब्रेक आळीपाळीने हलका मारायचा, खट्‌ आवाज येऊन मोकळं होतं.

ज्यांना डिफरन्शियल म्हणजे काय हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. वळणावर बाहेरचं चाक जास्त फिरावं, आतलं कमी, म्हणून मध्ये ही रचना असते. पण ती दोन्ही चाकांना जोर सारखाच देते. एका चाकाखाली पकडच नसेल तर त्याला फिरायला जेवढा जोर लागतो तेवढाच दुसऱ्यालाही मिळतो, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. म्हणून एक भिरभिरतं आणि दुसरं जागचं हलत नाही. लॉक केलं की दोन्ही अ‍ॅक्सल एकच होतात.

तातडीचा उपाय: हँडब्रेक मागच्या चाकांवर असेल तर दोन-तीन खाचा ओढून हळू रेस द्या. फिरणाऱ्या चाकाला अडवलं की दुसऱ्याकडेही तेवढाच जोर जातो. चढावर फार उपयोग होईल असं नाही, सपाट चिखलातून मात्र मी असा निघालोय.

घोडीपाना (धुळे)

मी तीस वर्षं गॅरेज चालवतोय, त्यातली पहिली आठ मोठ्या गाड्यांवर काढली. शहादेकर, तुमच्या पोस्टमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही शेवटी लिहिलंय. ब्रेकचं पेडल कडक होतं.

डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखा मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीचा) व्हॅक्यूम नसतो. म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, आपल्याकडच्या कित्येक गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीला बसवलेला असतो. तोच पंप ब्रेकच्या बूस्टरला, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाला, व्हॅक्यूम देतो. तुमचं डिफलॉक त्याच लाइनीवर टी (तीन तोंडांचा जोड) मारून घेतलेलं असणार. नॉब ओढला की लॉकच्या बाजूने हवा आत येते आणि ब्रेकचा व्हॅक्यूम खाते. चांदसैली घाट उतरताना हे झालं तर काय होईल ते तुम्हाला सांगायला नको.

म्हणून लॉकचं नंतर. आज पहिलं काम, टीपासून लॉककडे जाणारी नळी काढा, त्या तोंडात बोल्ट घालून क्लिप आवळा. मग इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा मारा, कडक होईल. पाय दाबून ठेवा आणि इंजिन सुरू करा. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं पाहिजे. गेलं नाही तर बूस्टर, वनवे व्हॉल्व्ह किंवा पंप बघायचा, आणि तोवर गाडी घाटात न्यायची नाही.

हे करा आणि इथे लिहा. पुढचं मग सांगतो.

तापीकाठ (शहादा)

काका, तुमचं वाचल्यावर लगेच गाडीखाली गेलो. बोल्ट मारला. पेडल आता व्यवस्थित खाली जातं, इंजिन सुरू केल्यावर साधारण दोन बोटं. म्हणजे पंप आणि बूस्टर ठीक, गळती लॉकच्याच बाजूला. इतके महिने मी ही गाडी तशीच घाटातून चालवत होतो, आत माणसं बसलेली असताना. हे कळल्यावर रात्री झोप लागली नाही.

साक्रीना पोऱ्या

भाऊ, मनी गाडीले बी हाऊच रोग व्हता. आमच्या इथल्या एका मिस्त्रीने सरळ डिफरन्शियलच्या आतले स्पायडर गिअर वेल्ड करून दिले. कायमचं लॉक. नळी नको, नॉब नको, दिवा नको. शेतात मस्त चालते. खर्च पण काहीच नाही.

घोडीपाना (धुळे)

साक्रीकर, तुमची गाडी शेतातून बाहेर जात नसेल तर तुमचा निर्णय. पण या गाडीत रुग्ण बसतात आणि ती घाट उतरते, इथे हा सल्ला देऊ नका. मागची दोन्ही चाकं कायम एकत्र बांधली तर वळणावर एकाला घसरावंच लागतं. कोरड्या डांबरावर टायर आणि अ‍ॅक्सल खातं. ओल्या घाटात गाडी वळायच्या ऐवजी सरळ जायला बघते. आडव्या उतारावर तर आणखी वाईट. एक चाक घसरलं तरी दुसरं धरून ठेवतं म्हणून उघडं डिफरन्शियल गाडीला कडेवर टिकवतं. लॉक असेल तर मागची दोन्ही चाकं एकदम सुटतात आणि शेपूट खालच्या बाजूला सरकते. अशी घसरलेली गाडी मी दरीतून ओढून काढलेली आहे.

साक्रीना पोऱ्या

काका, आडव्या उताराचं लक्षात नव्हतं. माझी गाडी बांधावरून जाते, तिथे हे व्हायला नको. बघतो काय करायचं ते.

अमळनेरी परदेशी

मूळचा अमळनेरचा, आता बरीच वर्षं जर्मनीत. माझ्याकडे १९८७ सालची फोक्सवॅगन टी३ सिंक्रो आहे. ही फोर-व्हील व्हॅन ऑस्ट्रियातल्या ग्राझला श्टायर-डाइमलर-पुखच्या कारखान्यात जोडली जायची, १९९२ पर्यंत. तिचं मागचं डिफलॉकही व्हॅक्यूमवर चालतं, नॉब डॅशबोर्डवरच. तापीकाठदादा, तुमची पोस्ट वाचून वाटलं आपण दोघं एकाच गाडीखाली झोपलोय.

एक फरक बघून घ्या. माझ्या डब्याला दोन नळ्या आहेत, एक लॉक बसवायला आणि दुसरी सोडवायला. आत एकच पडदा, ज्या बाजूने ओढलं त्या बाजूला जातो. नळ्या उलट लागल्या तर सगळं उलटं चालतं, आणि माणूस महिनोन्‌महिने लॉक लावून फिरतो. तुमच्याला एकच नळी असेल तर परत सोडवायला आत स्प्रिंग असणार, आणि ती स्प्रिंग कमजोर किंवा गंजलेली असू शकते.

दुसरं, दिवा कशावर जोडलाय ते बघा. माझ्या गाडीत दिव्याचा स्विच डिफरन्शियलच्या हौसिंगमध्ये आहे, आतला काटा पूर्ण सरकला की मगच दाबला जातो. तुमच्या गाडीत दिवा लागला आणि चाक मात्र धरलं नाही. याचा अर्थ एकतर स्विच अडकलाय, नाहीतर कुणीतरी दिव्याची वायर सरळ नॉबला जोडलीय.

रानवाट (चोपडा)

मी शिक्षिका आहे. शाळा सातपुड्याच्या पायथ्याला, आणि शाळेची जुनी फोर-व्हील गाडी मीच चालवते. धागा वाचून एक विचारते. आमच्या गाडीत लॉक नाही, नुसतं फोर-व्हील आहे. पण चिखलातून पक्क्या रस्त्यावर आलं की स्टिअरिंग जड होतं, वळताना पुढून कुरकुर आवाज येतो आणि फोर-व्हीलचा दांडा परत येतच नाही. हेही डिफलॉक अडकण्यासारखंच का?

आणि काका, तोरणमाळसारख्या उंचीवर व्हॅक्यूमला फरक पडतो का?

घोडीपाना (धुळे)

ताई, दुखणं वेगळं पण जात तीच. तुमच्या गाडीत पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल ट्रान्स्फर केसमध्ये (पुढे-मागे जोर वाटणाऱ्या गिअरपेटीत) एकमेकांना बांधले जातात, मध्ये डिफरन्शियल नाही. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात चाक घसरून हा फरक निघून जातो. डांबरावर निघत नाही, तो शाफ्टमध्ये पीळ होऊन साठतो. त्या पिळामुळे दात एकमेकांवर दाबून बसतात आणि दांडा सुटत नाही. जोर लावून दांडा ओढू नका. स्टिअरिंग सरळ करून आठ-दहा मीटर रिव्हर्स घ्या, पीळ उलगडतो, दांडा हाताने येतो. आणि डांबर दिसायच्या आधीच, कच्च्यावर असतानाच टू-व्हीलला या.

मागच्या लॉकचंही तसंच. बसवताना चाक फिरत असता कामा नये. गाडी थांबवा, नॉब ओढा, मग अगदी हळू पुढे न्या आणि स्टिअरिंग किंचित डावी-उजवी हलवा. लॉकचे दात समोरासमोर आले की बसतात. भिरभिरत्या चाकावर नॉब ओढला तर दात तुटतात, आणि ते तुकडे क्राऊन-पिनियनमध्ये, म्हणजे डिफरन्शियलच्या मुख्य गिअरांत जातात.

उंचीचं: फरक पडतो. समुद्रसपाटीला चांगला पंप पाऱ्याची २५-२७ इंच व्हॅक्यूम ओढतो. दर ३०० मीटरला साधारण एक इंच कमी होते, कारण बाहेरची हवाच विरळ. तोरणमाळ सुमारे ११०० मीटरवर, म्हणजे तिथे साडेतीन इंच कमी धरा. धडधाकट पडद्याला एवढ्याने काही होत नाही. पंप आधीच थकलेला असेल तर मात्र खाली चालणारं लॉक वर बसत नाही.

शहादेकर, आता तुमचं. तीन ठिकाणं आहेत: व्हॅक्यूम डब्यापर्यंत पोचतो का, डबा काडी ओढतो का, आणि काडीने आतलं लॉक खरंच बसतं का. एकेक सुटं करून बघायचं. तुम्ही नळी बदलली ती पहिल्या ठिकाणची, आणि बाकीची दोन तशीच राहिली.

डबा तपासायला महागडं काही नको. फ्रिज-एसी दुरुस्त करणाऱ्याकडे व्हॅक्यूम पंप आणि मीटर असतो. डब्याची नळी काढून त्याच्या मीटरची लावा, ओढा, व्हॉल्व्ह बंद करा आणि काट्याकडे बघा. मिनिटभर हलला नाही पाहिजे.

तापीकाठ (शहादा)

दोन दिवसांनी लिहितोय, कारण फ्रिजवाला भाऊ लग्नाला गेला होता.

दिवा: परदेशी भाऊंचं म्हणणं तंतोतंत खरं निघालं. डॅशबोर्डची पट्टी काढली तर हौसिंगकडून येणारी वायर कापून तिला टेप मारलेला, आणि दिव्याची वायर नॉबच्या मागच्या स्विचला जोडलेली. कुणी कधी केलं माहीत नाही. म्हणजे इतकी वर्षं हिरवा दिवा फक्त एवढंच सांगत होता की मी नॉब ओढलाय. आम्ही मात्र त्यावर भरवसा ठेवून चढावर गाडी घालत होतो. ती वायर आता मूळ जागी जोडली.

डबा: मीटर लावला. पंप चालू असताना काटा २० पर्यंत कसाबसा गेला आणि व्हॉल्व्ह बंद केला तसा धपकन शून्यावर आला. डबा उघडून पाहिला, रबरी पडदा कडेला, जिथे पत्रा दुमडलेला असतो तिथेच, अर्ध्या बोटाएवढा चिरलेला. बाहेरून काहीच दिसत नव्हतं.

धुळ्याला जुन्या स्पेअरच्या दुकानात तीन तास शोधून मापाचा डबा मिळाला. काडी दोन सूत लांब होती, आटे वाढवून घेतली. मीटरवर नवा डबा मिनिटभर टिकला. गाडीला लावला, नॉब ओढला. काडी ताठ झाली, पण पुढे सरकलीच नाही. दिवा नाही, लॉक नाही.

केळीबाग (रावेर)

म्हणजे डबा आता ओढतोय पण आत जाम आहे. भाऊ, निराश होऊ नका, निम्म्याहून जास्त शोध लागलाय.

घोडीपाना (धुळे)

काडी सुटी करा. बाहेर जी छोटी लिव्हर किंवा शाफ्ट आलाय तो हाताने, पकडीने हलवून बघा. मोकळा हलायला हवा. हलत नसेल तर हातोडी मारू नका, आतला काटा वाकेल.

आणि आधी तेल काढून बघा. भांडं स्वच्छ ठेवा, ड्रेन नटाला चुंबक असेल तर त्यावर काय चिकटलंय ते बघा. काळं लोण्यासारखं बारीक कीट चालतं. टोकदार तुकडे असतील तर मला फोटो पाठवा आणि गाडी हलवू नका.

अ‍ॅक्सलवरचा श्वास बघितलाय का कधी? वर एक छोटी टोपी किंवा नळी असते, त्यातून आतली गरम हवा बाहेर जाते.

तापीकाठ (शहादा)

काका, तुम्ही न बघता सांगितलंत.

तेल दुधी निघालं. दुधात चहा कमी पडल्यावर जसा रंग येतो तसा. तुकडे नाहीत, चुंबकावर फक्त काळं कीट. श्वासाची टोपी शोधायला वर हात घातला तर मातीचा गोळा लागला. वाटलं चिखल आहे. खरवडून काढला तर आत पोकळ खोल्या आणि वाळलेल्या आळ्या. कुंभारीण माशीने त्या टोपीवर घर केलं होतं. गोळा निघाल्यावर टोपी हलवून पाहिली, आतून गंजून जाम.

लॉकचा शाफ्ट हौसिंगमधून बाहेर येतो तिथली रबरी रिंग फाटलेली आणि शाफ्टवर तांबडा गंज, साधारण नखाच्या रुंदीचा पट्टा. तेवढ्या पट्ट्यानेच तो अडकला होता. तीन तास डिझेल आणि गंज सोडवायचा स्प्रे मारत बसलो, पकडीने केसभर मागे, केसभर पुढे. संध्याकाळी सुटला. आतला काटा सरकल्याचा ‘टक्‌’ असा आवाज आला तेव्हा आमचा ड्रायव्हर आणि मी दोघंही गाडीखाली पडल्या पडल्या हसलो.

आता सांगा, तेल कोणतं आणि आतलं पाणी पूर्ण कसं काढू?

अमळनेरी परदेशी

दादा, मन भरून आलं वाचून. इथे मी हेच काम थंडीत, बर्फाच्या पाण्यात पाठ भिजवत केलंय.

श्वास बंद झाला की पाणी कसं शिरतं ते इतरांसाठी लिहितो. घाट चढून अ‍ॅक्सल तापतो, आतली हवा फुगते. श्वास बंद असेल तर ती ऑईलसीलच्या फटीतून बाहेर पडते. मग गाडी थंड नाल्यात उतरली की आतली हवा एकदम आकसते आणि त्याच फटींतून पाणी आत ओढून घेते. एका नाल्यात कपभर पाणी. पावसाळाभर किती नाले होतात ते मोजा.

घोडीपाना (धुळे)

तेल: मॅन्युअलमध्ये आहे तेच. नसेल तर अशा जुन्या अ‍ॅक्सलला ८०डब्ल्यू-९०, जीएल-५ प्रतीचं गिअर ऑईल चालतं. लिमिटेड स्लिपवाल्या गाडीत घालतात ती वेगळी भर इथे नको, तुमचं लॉक दातांचं आहे, क्लच प्लेटांचं नाही.

पाणी काढायला रॉकेल ओतून गाडी चालवू नका, बेरिंग जातील. स्वस्तातलं ९० नंबर तेल पातळीपर्यंत भरा, २०-२५ किलोमीटर हलकी चालवा, तापलेलं असतानाच काढा. अजून दुधी निघालं तर पुन्हा एकदा. मग चांगलं तेल.

शाफ्टचा गंज बारीक पॉलिश पेपरने काढा, खोल खड्डे पडले असतील तर शाफ्ट बदला, नाहीतर नवी रिंग महिन्यात फाटेल. रिंग तेलाला चालणारी घ्या, पाण्याच्या नळाची नको. श्वासाची टोपी फेकून द्या. त्याच आट्याला नोजल लावून तेल सोसणारी रबरी नळी बसवा आणि मागच्या दिव्याच्या उंचीपर्यंत बॉडीत वर न्या. अ‍ॅक्सल वर-खाली होतो तेवढी ढील ठेवा. टोकाला डिझेलचा छोटा फिल्टर लावला की कुंभारणीला जागा उरत नाही.

मग चाक तपासा. दिव्यावर विसंबू नका, वायर जोडली असली तरी. गाडी सपाट, टणक जागी. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी गुटके. मागचा अ‍ॅक्सल उचलून दोन्हीकडे घोड्या (लोखंडी स्टँड), विटांवर नाही, वीट न सांगता फुटते. इंजिन बंद, फोर-व्हील काढलेलं, पहिला गिअर टाकलेला, हँडब्रेक सोडलेला. एक चाक हाताने फिरवा. लॉक नसताना दुसरं उलट दिशेने फिरतं. मग फ्रिजवाल्याचा पंप डब्याला लावून लॉक बसवा आणि पुन्हा फिरवा. बसलं असेल तर थोड्या ढिलीपलीकडे कोणतंच चाक फिरणार नाही. बसलं नाही तर एका हाताने एक चाक थोडं हलवत राहा, दात जुळले की बसेल.

रानवाट (चोपडा)

काका, तुमच्या सांगण्यावरून आमच्या गाडीचा श्वास बघितला. टोपीच नाही, नुसतं उघडं भोक. त्यात गवताची काडी. तेल अजून काढलेलं नाही. आणि रिव्हर्स घेतल्यावर दांडा खरंच हाताने आला, दोन वर्षं मी त्याला दोन्ही हातांनी ओढत होते.

घोडीपाना (धुळे)

ताई, तेल उद्याच काढा. उघडं भोक असेल तर पाणी नक्की गेलंय. पुढच्या अ‍ॅक्सलचंही काढा, लोक मागचंच बघतात.

तापीकाठ (शहादा)

काम पूर्ण झालं, म्हणून सविस्तर लिहितो.

तेल दोनदा काढलं. पहिल्यांदा दुधी, दुसऱ्यांदा जरा धूसर, तिसऱ्यांदा चांगलं भरलं. शाफ्टवर दोन ठिकाणी नखाला लागतील असे खड्डे होते, म्हणून शहाद्याच्या लेथवाल्याकडून त्याच मापाचा नवा करून घेतला. काका, तुम्ही म्हणालात तसं जुन्यावर रिंग टिकलीच नसती. श्वासाची नळी मागच्या दिव्यापर्यंत नेली. व्हॅक्यूमच्या टीवर लॉकच्या बाजूला वेगळा वनवे व्हॉल्व्ह आणि एक छोटा पितळी कॉक बसवला. पावसाळा सोडून आठ महिने कॉक बंद ठेवणार, म्हणजे उद्या लॉकची नळी फाटली तरी ब्रेकला धक्का नाही.

घोड्यांवर चाक फिरवून बघितलं. लॉक नसताना डावं पुढे ढकललं तर उजवं मागे. पंप लावला, ‘टक्‌’. मग डावं दोन बोटं हलून थांबलं, उजवं तसंच. ड्रायव्हरला सांगितलं, दिवा बघ. तो म्हणाला, आता लागला.

काल वळिवाची सर येऊन गेली होती, म्हणून मुद्दाम गाडी घेऊन त्याच चढावर गेलो. डॉक्टर नव्हते, औषधं नव्हती, आम्ही दोघंच. टायरमधली हवा २० वर आणली, चढाच्या खाली थांबून लॉक बसवलं, दिव्याची वाट पाहिली. मग पहिला गिअर, रेस जवळजवळ नाहीच. गाडी थांबेल असं दोनदा वाटलं. उजवं चाक घसरायला लागलं तसं डावं त्याच वेगाने फिरत राहिलं आणि गाडी वर आली. वर सपाटीवर थोडी रिव्हर्स घेऊन नॉब आत ढकलला, दिवा विझला. तिथे बाबाचा मुलगा उभा होता. बाबा आता बरा आहे, त्याने भगरीची भाकर आणि तिखट चटणी खायला घातली.

उतरताना पेडल प्रत्येक वळणावर पायाखाली नीट होतं.

काका, तुमचे पैसे किंवा जे काय असेल ते सांगा. परदेशी भाऊ, दिव्याच्या वायरीचं तुम्ही सांगितलं नसतं तर मी अजून नळ्याच बदलत बसलो असतो.

घोडीपाना (धुळे)

पैसे नकोत. कॉक चांगली कल्पना, पण एक दुरुस्ती. आठ महिने सलग बंद ठेवू नका, लॉक पुन्हा जाम होईल. महिन्यातून एकदा तापीच्या वाळूत किंवा नांगरटीच्या कडेला गाडी नेऊन दोन-चार वेळा बसवा, सोडवा. कॉक उघडाल त्या दिवशी ब्रेकची पाय दाबून इंजिन सुरू करायची तपासणी आधी करायची.

आणि डॅशबोर्डवर नॉबच्या शेजारी कॉकबद्दल एक चिठ्ठी लावा. गाडी दुसरं कुणी चालवेल तेव्हा त्याला कळलं पाहिजे.

तापीकाठ (शहादा)

चिठ्ठी लावली. दर अमावस्येला लॉक हलवायचं ठरवलंय, ड्रायव्हरच्या तारीख लक्षात राहत नाही पण अमावस्या राहते.

रानवाट (चोपडा)

दोन्ही अ‍ॅक्सलचं तेल काढलं. मागचं ठीक, पुढचं दुधी. शनिवारी शाळा सुटली की गाडी घेऊन धुळ्याला येते, काका. गॅरेज किती वाजेपर्यंत उघडं असतं?

घोडीपाना (धुळे)

आठपर्यंत. उशीर झाला तरी या, थांबतो. घाई करून रात्रीचा रस्ता धरू नका.